सव्वीस इंच

मंगळवारपासून माझ्या दुकानात चौदा फूट लांबीची एक वस्तू आडवी पडून आहे. दुकान साडेबारा फुटांचं. कापायची दोन्ही टेबलं जोडली, मशिनी भिंतीला सारल्या, तरी तिचं टोक दारातून बाहेर ओट्यावर आलंच. संध्याकाळी मी आणि गफूरचाचा मिळून ती तिरपी करतो, तेव्हा कुठं शटर लागतं. सकाळी पुन्हा सरळ. बुडबुड्यांच्या प्लास्टिकचे कितीतरी थर, त्यावर पुठ्ठा, त्यावर चिकटपट्टी. तुळशीचं लग्न तोंडावर आलंय, लगीनसराईच्या ब्लाउजांचे ढीग लागलेत, आणि येणारी प्रत्येक बाई माप देण्याआधी त्या वस्तूकडं बघते. काल एकीनं विचारलं, "बाई, कोणाला बांधून ठिवलंय हे?"

"ब्लाउज घट्ट झाला म्हणून भांडायला आली होती," गफूरचाचा मशीनवरून मान वर न करता म्हणाले. चाचा सत्तरीचे आहेत. माझ्या दुकानात कटिंग तेच करतात. नांदेडात त्यांच्या वडिलांच्या हातची शेरवानी घालून लग्न केलेली माणसं अजून भेटतात.

वस्तू रेणूची आहे. रेणू माझी मुलगी, अठरा पूर्ण झालेली. दिवाळीला मामाकडं चाकूरला गेलीय, शनिवारी येईल. पाण्यावर उभं राहून वल्हवायचा तिचा शर्यतीचा बोर्ड आला म्हणून फोन केला तर म्हणाली, "राहू दे तसाच, मी आल्यावर बघते." बोर्डाचा फॉर्म या वर्षी तिनं स्वतः भरला. सहीला माझी गरज उरलेली नाही. रुंदीच्या रकान्यात तिनं काय लिहिलं ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. माझ्या गळ्यात टेप आहे. सकाळी नऊपासून दुकान बंद होईपर्यंत ती तिथंच असते. हात आपोआप तिच्याकडं जातो आणि मी तो परत खाली घेते. दिवसातून किती वेळा, ते विचारू नका.

कार्तिक लागला की हल्ली मी उठल्याबरोबर वारा किती आहे ते बघते. हे दिवस खरं तर चांगले. उकाडा गेलेला असतो, सकाळी फरशी पायाला गार लागते, सोयाबीनच्या गाड्या गेल्या की रस्त्यावर भुश्श्याचा कोरडा वास मागं राहतो. विष्णुपुरीच्या धरणामागं पाणी काठोकाठ असतं, पावसाळ्यातला गढूळपणा खाली बसलेला असतो, आणि सकाळी आठ-साडेआठपर्यंत ते असं निपचित पडून असतं की वाटावं, यावर इस्त्री फिरवली आहे. लोक तिथं फोटो काढायला जातात. मी गेल्या वर्षी त्या पाण्याकडं बघायला शिकले आणि तेव्हापासून मला त्याचा फोटो काढावासा वाटलेला नाही.

ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांना सांगते. एका लांब, अरुंद बोर्डावर उभं राहायचं, हातात एकच उंच वल्हं, आणि एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून पाणी मागं सारत जायचं. बसायचं नाही, धरायला काही नाही. बोर्डापासून घोट्यापर्यंत एक दोर असतो, म्हणजे पडलं तरी बोर्ड लांब जात नाही. अंगात लाइफ जॅकेट. शर्यतीच्या बोर्डाची लांबी ठरलेली, चौदा फूट. भांडण सगळं रुंदीचं. बोर्ड रुंद असला की तो हलत नाही, पण पाणी ढकलत चालतो आणि वल्हं अंगापासून लांब मारावं लागतं. अरुंद असला की पाणी कापत जातो, पण त्यावर उभं राहणं म्हणजे उभ्या ठेवलेल्या पाट्यावर उभं राहणं. दोन इंचांचा फरक. शिवणकामात दोन इंच म्हणजे बाळंतपणाच्या आधीची आणि नंतरची बाई. तिथं मला कोणी काही शिकवायची गरज नव्हती, म्हणून वाटलं इथंही नसेल.

मी चाकूरजवळच्या खेड्यातली. आमच्या विहिरीत मुलगे पाठीला सुका भोपळा बांधून पोहायला शिकत. मुलींनी विहिरीवर जायचं ते रहाटावरून पाणी काढायला. पुढं तेही गेलं, टँकर आले, आणि एका वर्षी लातूरला तर पाणी रेल्वेनं आलं. माझ्या भावाची बायको तेव्हा भांडी वाळूनं घासायची. पाण्यात बुडायची भीती आमच्याकडं कोणाला नव्हती, बुडण्याइतकं पाणीच नव्हतं. नांदेडला लग्न होऊन आले तेव्हा पुलावरून गोदावरी पाहिली आणि पहिला विचार आला तो हा, की एवढं पाणी उघड्यावर ठेवतात. तो विचार अजून गेलेला नाही.

रेणू या खेळात पडली कॉलेजमुळं. तिथले खेळाचे सर कोकणात जाऊन हे शिकून आले आणि त्यांनी चार मुलं, तीन मुली गोळा केल्या. सुरुवातीला हवा भरायचे बोर्ड होते, पलंगासारखे रुंद. त्यावर ती उभी राहायची, नाचायची, मला हात करायची. मी आठवड्यातून एकदा काठावर जाऊन बसायचे, सोबत हुक-बटणाचं काम घेऊन. ते सोपे दिवस होते. मग गेल्या वर्षी नवरात्रात सर दुकानात आले. पौषात राज्याच्या संघासाठी निवड चाचणी होणार होती, आपल्याच धरणावर. मुली तीन घेणार. शर्यतीचा बोर्ड लागणार.

"ताई, एकदाच मागवतोय सगळ्यांचे," सर म्हणाले. "दोन महिने लागतात यायला. बदलून मिळत नाही. रुंदी बावीस, चोवीस किंवा सव्वीस. माझ्या मते चोवीस घ्या. पण उभं तिला राहायचंय, तेव्हा घरी बसून ठरवा."

"बावीस," रेणू म्हणाली.

"पडशील," मी म्हणाले.

"पडणारच. पाण्यातच पडीन ना आई, फरशीवर थोडीच पडणार हाय."

तिचे वडील कापसाच्या खरेदीला हदगावच्या बाजारात असतात, हंगामात घरी जेवायला आणि झोपायला येतात. त्यांना विचारलं तर म्हणाले, "तुम्ही दोघी बघा. मला तर बादलीत लई पाणी दिसलं तरी धाकधूक होते." पुढं भाकरी मोडून खाऊ लागले.

मग मी मला येतं ते केलं. बेतायचा खाकी कागद घेतला, बावीस, चोवीस आणि सव्वीस इंचांच्या तीन पट्ट्या कापल्या आणि फरशीवर अंथरल्या. रेणूला म्हटलं, राहा उभी. तिनं पडद्याची काठी वल्ह्यासारखी धरली आणि एकेका कागदावर उभी राहिली. मी लांब जाऊन पाहिलं, जवळून पाहिलं, पावलांमधलं अंतर मोजलं. तिन्हींवर ती सारखीच दिसत होती. छान दिसत होती. दुकानात आलेल्या दोन बायका माप द्यायचं सोडून बघत बसल्या.

"हे काय करून राहिल्या बाई?" चाचांनी विचारलं.

"माप घेतेय."

"फरशी हलून राहिली का?"

"नाही."

"मंग हे कशाचं माप? आपल्याकडं गिऱ्हाईक श्वास धरून उभं राहतं, पोट आत घेतं, म्हणून ब्लाउज बिघडतो. मी काय करतो? बोला म्हणतो, हसवतो, मंग टेप लावतो. पोरीला तिकडं जाऊन बघा, पाण्यावर. इथं तर मी पण चॅम्पियन हाय." आणि मशीनवरून उठून खरोखर बावीसच्या कागदावर उभे राहिले, एक हात कमरेवर ठेवून. रेणू हसून खाली बसली.

चाचांचं म्हणणं बरोबर होतं. त्यांचं कटिंग चुकत नाही. मी दुसऱ्या दिवशी सकाळी धरणावर गेले. सरांचा स्वतःचा चोवीसचा जुना बोर्ड होता, रेणू आठवडाभर त्यावर सराव करत होती. त्या सकाळी वारा होता. निपचित पाणी नव्हतं, बारीक बारीक लाटा, चुण्या पडलेल्या कापडासारख्या. पहिल्यांदा पडली तेव्हा मी उठून उभी राहिले. दुसऱ्यांदा पडली तेव्हा बसून राहिले. पडायची, बोर्डाला हात घालायची, पोटावर चढायची, गुडघ्यावर, मग उभी. तिचे पाय थरथरत होते, ते काठावरून दिसत होतं. मी मोजत होते. सातव्यांदा ती पडली आणि वर आली नाही.

टाके मोजावेत तसे मोजले. एक, दोन, तीन. पाण्यावर पिवळा बोर्ड तेवढा होता. चार. पाच. सर काहीतरी ओरडले, पण ते दुसऱ्याच मुलाला. सहाला बोर्डाच्या पलीकडून हात आला, मग डोकं. ती पलीकडं वर आली होती. सहा टाके ती पलीकडं नाक पुसत, केस मागं सारत होती आणि मी अलीकडं पाण्याकडं बघत होते. एवढंच झालं होतं. ती हसत होती. माझ्या हातातलं हुक बोटात घुसलं होतं, ते मला घरी आल्यावर कळलं.

फॉर्म पालकानं भरायचा होता. दुपारी दुकानात कोणी नव्हतं तेव्हा भरला. नाव, वजन, उंची. रुंदी, सव्वीस. सही. पाकीट बंद करून सरांच्या घरी स्वतः देऊन आले. रेणूनं विचारलं, भरलास का, मी म्हणाले, भरला. तिनं पुढं विचारलं नाही, कारण आदल्या दिवशी जेवताना मी म्हणाले होते की चोवीस ठीक वाटतंय. तेव्हा मला खरंच ठीक वाटत होतं.

यात फसवणूक करायची असं मनात नव्हतं. मला वाटलं मी रोजचंच करतेय. दर जूनला आम्ही शाळेचे गणवेश शिवतो. एकाही आईनं आजवर पोराच्या नेमक्या मापाचा गणवेश मागितलेला नाही. "बाई, वाढत्या अंगाचा शिवा." मग आम्ही बाही बोटभर मोठी ठेवतो, चड्डीचा घेर वाढीव, फ्रॉकच्या खाली चार बोटं दुमड आत मारतो आणि दर वर्षी ती उसवून खाली सोडतो. पहिल्या वर्षी पोर पिशवीत घातल्यासारखं दिसतं, तिसऱ्या वर्षी बरोबर बसतं. माझा हात वीस वर्षं असाच चाललाय. संशय आला की वाढीव धर. कमी पडलं तर काही करता येत नाही, जास्त झालं तर आत घेता येतं.

बोर्डाचं याच्या उलट आहे, हे मला तेव्हा कळलं नाही. अंगाला जो बोर्ड सुरुवातीला कमी पडतो, थरथर कापायला लावतो, तोच पुढं पायाखाली बसतो. जो सुरुवातीला ऐसपैस वाटतो, तो दोन महिन्यांत पायातली बेडी होतो. आणि त्याला दुमड नसते. उसवून आत घेता येत नाही.

मार्गशीर्षात बोर्ड आला. सरांनी तो थेट धरणावर उतरवून घेतला. त्या दिवशी रेणू सकाळी गेली आणि तासाभरात परत दुकानात आली. मी एका नवरीचं माप घेत होते. रेणूनं माझ्या गळ्यातली टेप काढून घेतली आणि बाहेर गेली. वीस मिनिटांचा रस्ता आहे धरणापर्यंत, वीस मिनिटं यायला. मी नवरीचं उरलेलं माप चाचांच्या टेपनं घेतलं. ती परत आली, टेप माझ्या गळ्यात घातली, दोन्ही टोकं सारखी केली आणि म्हणाली, "सव्वीस हाय. नीट मापात हाय."

"रेणू, अगं तू त्या दिवशी—"

"फॉर्मवर तूच लिहिलंस ना?"

"हो."

"बरं."

ती भांडली असती तर बरं झालं असतं. भांडायला मी तयार होते, वाक्यं जुळवून ठेवली होती. तिनं भांडण केलं नाही, सरावही बुडवला नाही. रोज साडेपाचला उठायची, दोन महिने. चोवीसच्या बोर्डावर आठवडाभर पडून पडून ती जे शिकली होती, ते सव्वीसवर कामाचं राहिलं नाही. तिथं पडायचा प्रश्नच नव्हता. मी जाऊन बसायचे आणि हुक-बटणं निवांत लावायचे. एकही हुक बोटात गेलं नाही. माझी भीती गेली होती आणि त्याच्या जागी दुसरंच काहीतरी आलं होतं, त्याला काय म्हणायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. सर तिच्याकडं बघायचे, मग घड्याळाकडं बघायचे, मग माझ्याकडं न बघता निघून जायचे.

चाचणीच्या दिवशी धुकं होतं. अकरा मुली आल्या होत्या. मी रेणूच्या पिशवीत टॉवेल घडी करून ठेवला, चार घड्या, वर तिचा कोरडा सदरा. पाण्यात तीन पिवळे ड्रम सोडले होते, त्यांना वळसा घालून चार फेऱ्या. सुरुवातीला सगळ्या एका घोळक्यात होत्या. दुसऱ्या फेरीत धुकं हटलं आणि वारा सुटला. मी मनातल्या मनात म्हणाले, आता बघा. लाटा आल्या आणि खरंच दोघी-तिघी पडल्या. बावीसच्या बोर्डावर एक बारकीशी मुलगी होती, बाहेरच्या जिल्ह्यातली, ती तर अशी पडली की वल्हं एकीकडं आणि ती एकीकडं. रेणू त्यांच्या मधून सरळ निघून गेली. तिसऱ्या जागी आली, मग दुसऱ्या. काठावरच्या त्या मुलीच्या आईकडं मी पाहिलं. ती तोंडावर पदर धरून उभी होती. मला तिची कीव आली, हे मी लिहून ठेवते.

ती मुलगी चढली. पुन्हा पडली, पुन्हा चढली, आणि मग पाणी कापत निघाली. शेवटच्या फेरीत एकेक करून दोघी रेणूच्या पुढं गेल्या. रेणू वल्हं मारत होती, खांद्यापासून, जीव तोडून, आणि बोर्ड पुढचं पाणी ढकलत होता. ती चौथी आली. तिसरीच्या मागं एका बोर्डाचंही अंतर नव्हतं.

सर माझ्याजवळ आले. म्हणाले, "एकदाही पडली नाही ताई ती."

"बरं झालं ना," मी म्हणाले. तोंडातून निघून गेलं. सरांनी माझ्याकडं पाहिलं आणि पाण्यातले ड्रम काढायला गेले.

स्कूटरवर मागं बसून रेणू विष्णुपुरीपासून घरापर्यंत एकच वाक्य बोलली. "ती पोरगी दोनदा पडली, आई." घरी आल्यावर मी धुवायचं काढायला पिशवी उघडली. टॉवेल होता तसाच होता. चार घड्या, वर सदरा. मी घातलेली घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

मी माप घेतलं होतं, ते कोणाचं, हे मला तिथं कळलं. सव्वीस इंच रेणूचं माप नव्हतं. काठावर बसून हुक लावणाऱ्या बाईला बोट न टोचता बसता यावं, त्यासाठी लागणारी ती रुंदी होती. चाचांनी मला पाण्यावर जाऊन माप घ्यायला सांगितलं होतं आणि मी तिथं जाऊन स्वतःचं घेऊन आले होते.

माफी वगैरे मी मागितली नाही. आमच्या घरात तशी पद्धत नाही. उन्हाळ्यात एकदा शेवया वाळत घालताना म्हणाले, "पुढचा फॉर्म तू भर." ती म्हणाली, "हाव." तेवढंच. सव्वीसचा बोर्ड सरांनी नव्या मुलांना शिकायला ठेवला आहे. चांगला बोर्ड आहे. पोरं त्यावर नाचतात. गणपतीनंतर रेणू सरांच्या जुन्या चोवीसवर परत गेली, आणि मी काठावर परत मोजायला बसले. पहिल्या दिवशी सोळा वेळा. मग बारा. मधे एकदा एकोणीस, त्या दिवशी वारा होता. बोटांना चिकटपट्टी लावून बसते आता. चाचा म्हणतात, बाई, हुक लावायचं काम तिकडं नेऊच नका, रक्ताचे डाग पडून राहिले ब्लाउजला.

आणि आता ही वस्तू दुकानात. बावीस असेल का? बावीसच असेल. की त्याहून अरुंदही मिळतो म्हणे, वीस-एकवीस, तो तर मागवला नसेल? प्लास्टिक इतकं जाड गुंडाळलंय की नजरेला अंदाज लागत नाही. एरवी बाई दारातून आत येईपर्यंत मला तिची छाती-कंबर कळते. कडेची चिकटपट्टी एका ठिकाणी सुटली आहे. तिथून दोन बोटं आत गेली तर कड लागेल, मग दुसरी बाजू. अर्ध्या मिनिटाचं काम.

चाचांनी आज दुपारी ताडपत्रीचा तागा काढून टेबलाखाली ठेवला. बोर्डाला कव्हर लागणार, नाहीतर उन्हानं खराब होतो, हे मीच त्यांना सांगितलं होतं. गेल्या वर्षीही कव्हर शिवायचं होतं. पण आधी शिवलं असतं तर रुंदी रेणूला कळली असती, म्हणून शिवलं नाही, आणि नंतर शिवायचं तोंड राहिलं नाही.

"लगीनसराईत मंग वेळ भेटणार न्हाई," चाचा म्हणाले. "आज बेतून टाकू. द्या, माप सांगा."

"लांबी चौदा फूट. वर सहा इंच धरा."

त्यांनी खडूनं खूण केली, कात्री चालवली. ताडपत्री कापताना कात्रीचा आवाज जाड येतो. तुकडा पसरून ते थांबले.

"आन रुंदी?"

"शनिवारी."

"आत्ता मोजू का? ती चिकटपट्टी सुटलीच हाय तिकडं."

"नको चाचा. ती येऊन सांगेल."

चाचांनी माझ्याकडं पाहिलं, चष्मा कपाळावर सारला, आणि कापलेला तुकडा रुंदीला तसाच पूर्ण ठेवून गुंडाळून वर ठेवून दिला. मी गळ्यातली टेप काढून खिळ्याला अडकवली. मान उगाच उघडी उघडी वाटत होती. दोन ब्लाउजांची मापं राहिली होती, त्या बायकांना उद्या या म्हटलं.

मग वर घरात गेले. रविवारी सकाळी ती धरणावर जाणार. खुंटीवरची तिची पिशवी काढली, आत एक टॉवेल घडी करून ठेवलेला होता. कपाटातून अजून दोन काढले, जाड बघून, आणि तेही त्यात भरले. पिशवीची चेन लागेना. तशीच उघडी अडकवून ठेवली.